निघालेल्या माणसाला विचारायचं वाक्य

साकोलीत खताच्या दुकानाच्या माडीवर माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास आहे. इंग्रजांनी ‘गो’ या एका क्रियापदाला घाण्याच्या बैलासारखं राबवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचं दूध आंबट ‘गोज’, रस्ता लाखनीला ‘गोज’, आणि उद्या घरीच बसून भात शिजवायचा असला तरी माणूस आज ‘गोइंग टू’च असतो. हे मी वैतागूनच शिकवतो. मुलांच्या ते बरं लक्षात राहतं.

धानाची रोवणी आटोपल्यावर एक शेतकरी बाई क्लासला येऊ लागल्या. जंगलाच्या गेटवर गाईडची एक जागा निघाली होती आणि तोंडी परीक्षेत इंग्रजी विचारणार होते. जागा मिळाली, तर त्यांच्या नवऱ्याला घर सोडून नागपूरला मजुरीला जावं लागणार नव्हतं. बाई हुशार. ‘गोइंग टू’ तर त्यांनी दोन दिवसांत खिशात घातलं.

घोडं अडलं एका सरावात. एकानं पिशवी घेऊन दाराकडे निघायचं आणि दुसऱ्यानं विचारायचं, ‘व्हेअर आर यू गोइंग?’ बाई विचारायलाच तयार होईनात.

“निघालेल्या माणसाले कुठं जाता म्हणून इचारत नाई, सर. नाट लागते, वाटेत इघ्न येते.”

“इंग्रजीत नाट लागत नाही,” मी म्हणालो. वर्ग हसला, पण ते वाक्य कुणीच मोकळ्या तोंडानं म्हणेना.

परीक्षा झाली. दुसऱ्याच गावची मुलगी निवडली गेली. बाई पेढे नाही, पण आपल्या परसातली वांगी घेऊन सांगायला आल्या. परीक्षेत बाकी सगळं बोलल्या होत्या. शेवटी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी बॅग खांद्याला लावली, दाराशी गेले आणि म्हणाले, “मी पर्यटक आहे. कुठे चाललो ते इंग्रजीत विचारा.” यांनी विचारलं नाही.

मी भडकलो. “अहो, नवऱ्याची मजुरी चुकली असती! परीक्षेतलं खोटं खोटं वाक्य ते. म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“खोटं कायचं, सर? माहा नंबर आखरी होता. ते खरंच घरी जाऊन राहिले होते. जंगलातला रस्ता, त्यात अंधार पडून राहिला होता. त्यायचीही बायको वाट पाहत असन.”