डाव्या हाताची नखं

मी शवविच्छेदन करणारी डॉक्टर आहे. परळच्या ज्या रुग्णालयात मी काम करते, तिथून माझं लालबागचं माहेर चालत जाण्याइतकं जवळ. चाळीतल्या बायका आईला अजून विचारतात, "गो, तुझ्या चेडवाक दुसरा काय काम मिळाक नाय?" आई ठसक्यात सांगते, "तिचे पेशंट कधी तक्रार करनत नाय." मग सगळ्या हसतात आणि माझ्या हातचा चहा घ्यायला कचरतात.

मला राग पटकन येतो, हे आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. टेबलावरच्या माणसाला कोणी 'बॉडी' म्हटलं की माझं डोकं सटकतं. नाव ठाऊक असेल तर नाव घ्या, नाही तर मावशी म्हणा, काका म्हणा. मी स्वतः तर त्यांच्याशी बोलत बोलतच काम करते. "काका, जरा कूस वळवूया हं." "बाय, हात दे बघू." नवे विद्यार्थी आधी एकमेकांकडे बघतात. महिन्याभरात तेही बोलायला लागतात.

ही गोष्ट नायगावच्या एका तरुण मुलीची आहे. केस अजून कोर्टात आहे, म्हणून फार खोलात जात नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, पोटमाळ्याच्या शिडीवरून पडून मृत्यू. तसं नवऱ्यानं सांगितलं होतं. मानेवरच्या खुणा वेगळंच सांगत होत्या. नवऱ्याच्याही गळ्यावर ओरखडे होते म्हणे. मांजरानं ओरबाडलं, असं त्याचं म्हणणं.

तिच्याबरोबर आलेल्या शिपायानं दारातूनच मोबाइल वर केला. मी म्हटलं, "काय चाललंय?" तर म्हणाला, "मॅडम, ग्रुपवर टाकायचाय, साहेब विचारतायत." मी त्याला असा काही फैलावर घेतला की तो बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला. तुझी बहीण असती तर टाकला असतास का रे फोटो? तपासासाठी लागतात ते फोटो आमचा माणूस काढतो, आणि ज्या भागाचं काम नाही त्यावर चादर असते. मेल्यावर कसली आलीय लाज, असं मला आजवर कितीतरी शहाण्यांनी ऐकवलंय. लाज तिची नसेलही, पण आपली तर आहे ना?

तिचा उजवा हात लख्ख होता. स्वच्छ, पुसलेला, नखांच्या कडासुद्धा कोरून साफ केलेल्या. डाव्या हाताची मूठ मात्र घट्ट आवळलेली होती. मी तो हात दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "बाय, सोड आता. माझ्याकडे दे." एकेक बोट हळूहळू, करंगळीपासून सोडवत आणलं. जोर लावला असता तर पटकन झालं असतं, पण आतलं सांडलं असतं. तिच्या नखांत रक्त होतं आणि कातडीचे बारीक कण होते. ती नखं मी कापली, कागदाच्या पुडीत ठेवली, पुडी पाकिटात घातली, वरून दोरा बांधून लाखेचं सील केलं. उजव्या हाताचीही वेगळी घेतली, पण तिथं काही हाती लागणार नाही हे दिसतच होतं.

ही पाकिटं पोलिसांनी प्रयोगशाळेत पोचवायची असतात. तिच्या ठाण्याचे हवालदार रोज म्हणत, "मॅडम, उद्या येतो, बंदोबस्त आहे." म्हणून पाकिटं आमच्याच फ्रिजमध्ये, कुलपाआड राहिली.

तिच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी एक बाई थेट माझ्या खोलीत आल्या. नऊवारी नाही, साधं गोल पातळ, ते खाली ओलं, पायांना वाळू. त्या मुलीची आई. दादरला समुद्रावर पिंड ठेवून, सगळ्यांना तिथंच सोडून टॅक्सीनं आल्या होत्या. सासरचं कोणी फिरकलं नव्हतं, भावानंच सगळं केलं होतं. आणि कावळा शिवत नव्हता.

"सगळं बोलून झालं," त्या म्हणाल्या. "तिच्या पोरीला मी सांभाळीन म्हटलं. भावानं हात जोडले. तिच्या आवडीचं काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं, तेही ठेवलं. कावळे समोरच्या कठड्यावर बसून राहिले, पण एक खाली येईना. भटजी म्हणतात दर्भाचा कावळा करूया, उशीर होतोय. मी म्हटलं, हात नाही लावायचा." मग त्यांची बोली बदलली. "माझ्या चेडवाची नखां तुमच्याकडे आसत. ती माका परत व्हयी."

घरी आंघोळ घालताना त्यांनी तिची नखं कापलेली बोटं बघितली होती. कोकणातल्या माणसाला नखांचं काय वाटतं, हे मला कोणी समजावून द्यायला नको. आमच्या घरीही कापलेलं नख कागदात गुंडाळून टाकायचं, कोणाच्या हाती लागू द्यायचं नाही. नख, केस दुसऱ्याच्या ताब्यात गेले की करणी होते, जीव बांधला जातो. मी डॉक्टर झाले तरी आजही नखं उघड्यावर टाकत नाही, आता हसा.

"काकी, बसा हयसर," मी म्हटलं. आमची बोली ऐकून त्या बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही.

"ती देता येणार नाहीत," मी सांगितलं.

"मग दाखवा तरी. खय ठेवलात ती?"

मी त्यांना फ्रिजपाशी नेलं. काचेतून पाकीट दिसत होतं. दोरा, वर लालभडक लाख. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर तोंडावर दाबला. माझ्याही तेव्हाच डोक्यात आलं, अगं बाई, ही तर हुबेहूब करणीची पुडी दिसते! इतकी वर्षं रोज सील करते, कधी सुचलं नव्हतं.

"बांधून ठेवल्यानी गो तिका," त्या म्हणाल्या. "मग ती जातली कशी?"

खरं सांगते, त्या क्षणी मला ते पाकीट उघडून त्यांच्या ओंजळीत ओतावंसं वाटलं. पण ते त्यांच्या ओंजळीत गेलं असतं तर शिडी खरी ठरली असती, मांजर खरं ठरलं असतं.

"काकी, मी नाही बांधलं. तिनंच धरून ठेवलं होतं," मी म्हटलं. "ती पडली नाही. तिनं झटापट केली. ज्यानं गळा धरला त्याला तिनं ओरबाडलं, आणि ते नखांत घेऊन मूठ आवळली. दोरा कशासाठी, तर मध्ये कोणी हात घालू नये म्हणून. तिचं म्हणणं त्या पुडीत आहे. ती समुद्रात सोडलीत तर ते कोण सांगणार?"

त्या परत पुढे आल्या, काचेवर बोट टेकवलं. मग विचारलं, "एकाच हातात होतं?"

मी मान डोलावली.

"उजवो हात मी पुसलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अपघात विभागात. पदर ओला करून. रक्ताचो हात घेऊन माझा चेडू जातला कसा, म्हणान. नखांतसुद्धा साफ केलंय. डावो पण पुसणार होतंय. मूठच उघडी ना. मी किती ओढलंय, माझ्याच लेकीनं माका मूठ उघडून दिली नाय. मग तुमका कशी दिल्यान?"

मृत्यूनंतर हात किती वेळ ताठ राहतो, मग सैल कसा पडतो, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. पण त्यांना ते सांगितलं नाही. "मी मागितली," एवढंच म्हटलं. आणि मग म्हटलं, "तुम्ही आई आहात. लेकीचा हात पुसलात. मी तुमच्या जागी असते तर मीही पुसला असता."

"तुमचो हात मागून घेणारो," त्या म्हणाल्या. "माझो ओढणारो." पदराचं ओलं टोक त्यांनी पिळलं, उगाचच, त्यात पाणी नव्हतं. मग उठल्या. "तिनं तुमका दिल्यान तर तुमीच सांभाळा. तिकडे पिंड तसेच आसत."

त्या गेल्या आणि मी हवालदारांना फोन लावून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते जेवण सोडून आले. पाकिटं मी स्वतः त्यांच्या हातात दिली, सील दाखवून, सही घेऊन. "बाय, जा नीट," मी म्हटलं. हवालदारांना वाटलं त्यांनाच म्हणतेय.

दुपारी विभागाचा फोन वाजला. पलीकडे समुद्राचा आवाज होता, आणि त्या.

"दर्भाचो कावळो केलो," त्या म्हणाल्या. "मीच सांगलंय, करा म्हणान. चेडू काय मागत नव्हता गो बाय. मीच मागत होतंय."