कापलेल्या प्रवेशाच्या जागी

लालबागचे ते प्रकरण इतक्या वर्षांनीही मनातून गेलेले नाही. नीट सांगता येईल की नाही, शंका आहे, तरी लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. नाटकाची संहिता आधी पोलिसांकडून तपासून घ्यावी लागे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी पोलिसात होतो; शिकलेला म्हणून ठाण्यात ते काम माझ्याकडे आले. गिरणीतल्या बायकांनी बसवलेल्या एका नाटकातला, पोलिसांच्या गोळीबारात भाऊ गमावलेल्या बहिणीचा प्रवेश वरिष्ठांनी कापला. पुढे खबऱ्याने बातमी आणली, "साहेब, त्या तोच प्रवेश करतात. लोक रडतात."

मंजूर प्रत घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो. कापलेल्या जागी पडदा पडला. बहिणीचे काम करणाऱ्या बाई पडद्यापुढे आल्या आणि स्वतःच्या भावाविषयी बोलू लागल्या. तो औषध आणायला गेला आणि पोलिसांची गोळी लागून पडला. कापलेल्या प्रवेशातले एकही वाक्य त्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंना ठाण्यात बोलावले. सोबत त्यांची मैत्रीण आली. चिथावणीचा गुन्हा लागला असता, तर बाईंना अटक आणि नाटक बंद.

"हे कोणी लिहून दिलं?"

"माझो भाव गेलो, साहेब. ता कोण लिवन देतला?"

मैत्रीण म्हणाली, "तुम्ही नाटकातली बहीण कापलीत, म्हणून घरातली बोलली. पुढच्या खेळाला बोलायची पाळी माझी. या, खुर्ची ठेवते!"

हसू दाबून मी बाईंना पहिल्यापासून सांगायला लावले. एका हवालदाराने भावाला उचलून टॅक्सीत घातले, हे पडद्यापुढे बोललेलेही त्यांनी पुन्हा सांगितले.

"त्याचं कशाला सांगता?"

"तेनी उचलल्यान ना? मगे सांगूक नको?"

तिथे मला वाट दिसली. लोकांना पोलिसांवर भडकवायचे असते, तर बाईंनी हवालदार गाळला असता. मी त्याला शोधून काढले. त्यानेही तसेच घडल्याचे सांगितले. अहवालात लिहिले : पडदा पडलेला असताना एका बाईने घरची हकीकत सांगितली, चिथावणी नाही. वरिष्ठांनी अहवाल दोनदा वाचला. मग त्यांनी सही केली. नाटक चालू राहिले.

जबाब कसा ऐकावा, हे मला प्रशिक्षणात नव्हे, त्या बाईंकडून कळले. नंतर मी बोलणाऱ्याला कधी मध्येच तोडले नाही, त्यामुळे कितीतरी गुन्हे उलगडले. बदली झाली तेव्हा आभार मानायला त्यांच्या खोलीवर गेलो. त्या संकोचल्या. कप पुढे सरकवत म्हणाल्या, "चाय घेवा. आता तुमच्या घरचा सांगा."