पेटी रोज उघडणारे साहेब

देवाने घडवलेला माणूससुद्धा आमच्या साहेबांनी व्हर्निअर लावून मोजला असता आणि कानाच्या पाळीत खोट काढून परत पाठवला असता. ते चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते आणि मी चिखलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रात बसणाऱ्या धातूच्या कड्या, म्हणजे बुश, बनवून त्यांच्या दारात टेम्पो लावणारा. एकदा माझा अख्खा लॉट त्यांनी केसाएवढ्या फरकासाठी रिजेक्ट केला. "साहेब, परत एकदा बघा," म्हणून मी हात जोडले, मग आवाज चढवला. ते चष्मा पुसत म्हणाले, "मी एकदाच बघतो." तो राग मी अजून जपून ठेवलाय.

असा माणूस निवृत्त झाल्यावर माझ्याच दारात आला, कारण त्यांच्या सोसायटीने मधमाश्यांची पेटी ठेवू दिली नाही. शेडमागच्या खोलीची गच्ची मी दिली, पण अर्ध्या मधाचा सौदा करून. दोन वर्षांत चमचाभर मध दिसला नाही. "अजून पिकलेला नाही," म्हणून तोही रिजेक्ट. पहिल्या शिफ्टच्या वेळेला हजर व्हायचं, माझा चहा चाखून परत पाठवायचा, कामगाराने घासलेला तुकडा बोटाने चाचपून नाक मुरडायचं आणि मग वर जाऊन पेटी उघडायची. रोज! यंदा त्या उघडझाकीत राणीमाशी चिरडली असावी. अंडी घालणारी ती एकटीच. ती गेली की नवी पिलं नाहीत आणि असलेल्या माश्या दिवस मोजत संपतात. पेटीतून गुणगुण जाऊन कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. साहेबांचा डबा न उघडता घरी जायला लागला.

शेवटी मीच कंटाळून महाळुंग्याच्या एका शेतकऱ्याकडून, घासाघीस करून, ताजी अंडी असलेली पोळ्याची चौकट आणली. त्यातल्याच एका अळीला माश्या राणी म्हणून वाढवतात. "महिनाभर हात लावायचा न्हाई," तो म्हातारा बजावत होता, "आमी लावत न्हाई म्हून तर हाय सगळं."

साहेबांनी चौथ्या दिवशी झाकण काढलं.

"अहो, माश्या आहेत, माल नाही!" मी खालून ओरडलो.

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

मी झाकणाला तार बांधली. दुसऱ्या दिवशी तारेचा पीळ उलटा होता.

महिना झाल्यावर आम्ही दोघे वर गेलो. साहेबांनी चौकट उन्हात धरली, चष्मा पुसला, परत धरली, परत पुसला. मग माझ्या हातात दिली. "तुमच्या शेडची धूळ बसते काचेवर. तुम्ही बघा. पोळ्यातल्या घराच्या तळाशी एकेकच अंडं असेल, तर राणी आहे. कडेला दोन-तीन चिकटलेली असतील, तर कामकरी माश्यांनी घातलेली. त्यांतून नुसते नर निघतात, ती फुकट."

रोज पेटी का उघडत होते, ते मला तेव्हा कळलं. केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला अंडी दिसत नव्हती.

मी बघितलं. एका घरात तीन, शेजारी चार. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो तोंडातून निघताना अगदी बारीक निघाला.

"रिजेक्ट, साहेब."

"परत एकदा बघा."

मी परत बघितलं. चार वेळा बघितलं. "रिजेक्टच."

त्यांनी चौकट माझ्या हातातून घेऊन पेटीत ठेवली. मग मान डोलावून म्हणाले, "बरोबर. त्या बुशच्या वेळी असं बघितलं असतंत, तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं." आणि झाकण लावत, "उद्या महाळुंग्याहून दुसरी चौकट आणू. निवडायची मात्र तुम्ही."

जिना उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. शेवटची पायरी आली, तेव्हा मी ती मोठ्याने सांगितली.