सात नंबरचं रिंगण

तेरा दुर्मिळ झाडं मी मारली. चुन्याच्या फक्कीनं.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. बारामतीत वनस्पतिशास्त्र शिकवतो... शिकवतो म्हणे! बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत एका माळावर कंदीलपुष्पाची चौदा झाडं होती. बोटभर कंदिलासारखं फूल, जमिनीत बटाट्याएवढा गड्डा. कन्हेरीच्या मेंढपाळ तात्यांनी ती मला दाखवली. दर रविवारी मी मोजायचो. गवतात सापडेनात, म्हणून मी अक्कल चालवली — प्रत्येकाभोवती फक्कीचं रिंगण, शेजारी खिळा, खिळ्याला नंबराचा पत्रा. फोटोही काढले.

बुधवारी त्याच माळावर वृक्षारोपण! बॅनर : 'ओसाड माळ हिरवा करू'. ओसाड?! डोळे फुटले होते का यांचे? माझ्या रिंगणांच्या जागी खड्डे. आयोजकावर ओरडलो, तर तो हसून म्हणतो, "सर, तुमच्या नावानं दोन रोपं जास्त लावू की."

जेसीबीवाले शकीलभाई मात्र सरळ बोलले. "फक्की दिसली की खड्डा घ्यायचा, सर. चौदा फक्क्या, चौदा खड्डे. खुणा कुणी केल्या, त्याला धरा."

त्याला कुठं धरणार? तो मीच.

रडकुंडीला येऊन फिरत होतो, आणि सात नंबर दिसलं. उभं. फुलासकट.

मोबाईल काढला. रविवारच्या फोटोत तेच झाड, तोच कासवासारखा दगड, भोवती पांढरंशुभ्र रिंगण. आता दगड तिथंच, झाड तिथंच, फोटोतलं देठापासून गवतापर्यंतचं कोळ्याचं जाळंसुद्धा अख्खं. फक्की? एक कण नाही. सहा पावलांवर मोकळ्या मुरमात चौदावा खड्डा. काठावर माझं अर्धं रिंगण, माझा खिळा, आणि पत्र्यावर माझ्याच अक्षरात — ७.

पाऊस नव्हता. कुणी फक्की उचलली म्हणावं, तर जाळं कसं टिकलं? तात्यांना फोन लावला. "तुम्ही खूण हलवलीत का?"

"मी भिगवणला लेकीकडं हाय चार दिस."

अजूनही उत्तर नाही. राग मात्र आहे. बॅनरवाल्यांवर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

परवा तात्यांना म्हटलं, आता सात नंबरभोवती तारेचं कुंपण घालतो.

तात्या मेंढरांकडं बघत म्हणाले, "मास्तर, तुमची खूण झटकली म्हून ते जगलं. आता तरी त्याच्या वाटंला जाऊ नगा."