सोळावर थांबायचं की नाही

मध्यभारत राज्याच्या दिवसांत आमची राजधानी दोन गावांत फिरायची. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. फायलींबरोबर कारकूनही जायचे, म्हणून दरवर्षी सहा महिने हे ग्वाल्हेरला. इंदूरला मी, शाळेत गणित शिकवणारी, आणि मामंजी, संस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेले. दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचे. मला करमायचं नाही हो, अजिबात करमायचं नाही.

शाळेतून आले की चहा, आणि चहानंतर पत्ते. एकवीसचा डाव. खेळ मूळचा फ्रेंचांचा म्हणतात. गोऱ्या शिपायांबरोबर तो महूच्या छावणीत आला आणि तिथे मामंजी शिकले. एकेक पान मागत बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे गेलात की मेलात. राजा, राणी, गुलाम दहा-दहाचे. पानं वाटायचे मामंजी, वाटणाऱ्याचं एक पान उघडं, बाजी चिंचोक्यांची.

सोळा झाले की मी थांबायचे. "तेरा प्रकारच्या पानांतली आठ मला बुडवतात, पाचच वाचवतात. गणित आहे, मामंजी!"

"खाक गणित! माझ्यापुढे दश्शी उघडी पडलीय, ती कोण बघणार? वाटणाऱ्याला सतरापर्यंत ओढावंच लागतं. तू सोळावर बसून काय करणार? एक और ले, सूनबाई!"

चिडून मी एका रविवारी सगळ्या शक्यता वहीत मांडल्या. थोडक्याच फरकाने, पण तेच बरोबर निघाले. मी आपलीच पानं मोजत बसले होते, समोरचं उघडं पान पाहिलंच नव्हतं. कपाळ माझं, आणि म्हणे गणिताची बाई!

तिसऱ्या हिवाळ्यात ह्यांचं पत्र आलं. खोली मिळाली आहे, निघून ये. मला जायचं होतं. नवरा असून सहा-सहा महिने एकटीनं राहायचा वीट आला होता. पण म्हाताऱ्या माणसाला टाकून जाते असं सांगायचं कुठल्या तोंडाने? आठवडाभर पत्र डाळीच्या डब्यात लपवलं. शेवटी डाव मांडतानाच सांगून टाकलं.

ते पानं पिसत राहिले. मग म्हणाले, "तू गेलीस तर मला करमणार नाही. घर खायला उठेल. पण तू जा. मी सांगतो म्हणून जा."

त्या घरात मी असले काय नि नसले काय, असंच मला तोवर वाटत आलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले, आणि शनिवारच्या गाडीत बसले.

ग्वाल्हेरला हे स्टेशनवर घ्यायला आले होते. माझ्या हातातली ट्रंक घेत म्हणाले, "बरं झालं आलीस. खाणावळीचं जेवण पोटाला सोसत नव्हतं."