बुजवू नका, तो शोषखड्डा आहे

साइटवर काँक्रीटच्या आधी किस्से सेट होतात. काँक्रीट निदान फोडता तरी येतं.

कोल्हापूरजवळ एका टेकाडावर विद्यापीठाची संशोधन इमारत उभी राहतेय. मी तिथली इंजिनिअर. छपरावरचं, रस्त्यावरचं पावसाचं पाणी आवारातच मुरवायचं, हे माझं काम. त्यासाठी खालच्या कडेला वर्गखोलीएवढा शोषखड्डा ठेवलाय. खाली उतारावर वस्ती, आणि वस्तीत सगळ्यात आधी अंगणवाडी. खड्डा नसेल तर पाणी कुठं जाईल, हे कळायला डिग्री लागत नाही. माझी लेक त्याच वयाची, त्यामुळे माझ्या झोपेचं विचारू नका.

पण रस्त्यावरचा सोडला, तर आपल्याकडे कुणालाच खड्डा बघवत नाही.

*

पाणी झिरपावं म्हणून पार्किंगला भोकांचे ब्लॉक आणले. आमचे गवंडी तानाजीमामा, हाताला सफाई अशी की बघत राहावं. मी येऊन बघते, तर प्रत्येक भोक सिमेंटनं भरून वर घोटलेलं.

"कंपनीनं भोकाचा माल दिलता, मॅडम. पर आपण एक बी न्हाय ठेवलं."

शाबासकी मागणाऱ्या नजरेचं काय करायचं, हे कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी "छान" म्हणाले.

*

या इमारतीत बसणार आहेत ते सर भूजलावरच संशोधन करतात. त्यांना खड्डा दाखवला. त्यांनी सगळं ऐकलं, माझा एक तांत्रिक शब्दही सुधारला.

"सगळं पटलं. फक्त हे बुजवून गाड्यांना शेड होईल का?"

*

बालवाडीत बाईंनी लेकीला विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, "आई खड्डा सांभाळते. सगळे तो बुजवतात, मग ती बाथरूममध्ये रडते."

बाईंनी मला बोलावून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, घरी ठीक आहे.

*

जुलैत हरित इमारतीचं मानांकन देणारे लोक पाहणीला यायचे होते. आदल्या दिवशी लेक तापली, मी रजेवर. सुपरवायझर सर्जेरावांना फोनवर बजावलं, पाहुण्यांना शोषखड्डा दाखवायचाय, तेवढा आवरून ठेवा.

सकाळी गेले, तर खड्डाच नाही. मुरूम भरून रोलर फिरवलेला. वर पत्र्याचा मांडव, खुर्च्या, ताटात फेटे. मागं मोठा फ्लेक्स: 'येथे पावसाचे पाणी मुरते.'

माझा चेहरा बघून सर्जेराव म्हणाले, "मग पावण्यांनी काय खड्ड्यात उभं ऱ्हायचं व्हय?"

पाहुणे फेटे बांधून फ्लेक्सपुढं उभे राहिले. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. फोटोसाठी मलाही मधे ओढलं. तेवढ्यात अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला.

"मॅडम, पोरांस्नी टेबलावर उभं केलंय. तुमचं पाणी आलंय बघा."