सुलभाचं पुढं का झालं

माह्या तोंडात तीळ भिजत नाही असं माही सासू म्हणे, अन् बाई काही खोटं बोलत नव्हती. सौंसरच्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे मी त्या घरच्या माणसाच्या आधी सांगते. पण एक गोष्ट मी पुरा एक दिवस पोटात ठेवली. ती कुसुमची. आता तीच म्हणते, "सांगा उर्मिलाबाई, सांगितलं तरी चालते," म्हणून सांगून राहिली.

कुसुम माही शेजारीण. दोन घरांच्या मधात एक भिंत. तिचा नवरा गुणवंतभाऊ, संत्र्याचा बगीचा आहे, माणूस वाईट नाही, पण घरात त्याचं एकच काम: ओसरीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरणं अन् आतमध्ये "चहा!" म्हणून हाक मारणं. कुसुमचं माहेर काटोलचं, म्हणून तिची शाळा मराठीत झाली. आम्ही बाकीच्या इकडच्या, मध्यप्रदेशातल्या. भांडतो मराठीत, शिकलो हिंदीत. मराठी पुस्तक हाती घेतलं की आमची गाडी खडकावरून चालल्यावाणी चालते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यानंच झालं.

उन्हाळ्यात गल्लीतल्या आम्ही पाच बाया अन् कुसुम मिळून पापड लाटतो. मागच्या साली कुसुमच्या घरी बसलो, तिची खोली मोठी म्हणून. अन् पहिल्याच दिवशी पाहिलं तं तिचे पापड फाटून राहिले! जिच्या पापडातून पलीकडचं माणूस दिसे, तिचे! हातात जीवच नव्हता. मी म्हटलं, "अवं, पोळपाटाले शरम वाटून राहिली, तू ऊठ. तुही अमिता ते पुस्तक देऊन गेली ना, ते वाच. आमचे हात चालू दे, तुहं तोंड चालू दे." तेव्हा मले वाटलं मी मोठा विनोद केला. आता आठवलं की स्वतःलेच एक ठेवून द्यावी वाटते. फाटलेला पापड समोर होता, अन् मी दात काढून राहिली होती.

अमिता म्हणजे तिची पोरगी, पांढुर्ण्याले दिली आहे. तिथल्या रद्दीवाल्याकडून तिनं आईसाठी एक जुनी कादंबरी आणली होती. तिच्यात एक सुलभा. नवरा मनोहर, नोकरीवाला. सुलभा दिवसभर घरात राबे, अन् हळूहळू तिले काहीच गोड लागेनासं झालं. झोप नाही. वरणाले फोडणी देता देता रडे. एकच कढई तीन तीन वेळा घासे, कारण घासली का नाही हेच याद राहत नसे.

माय वं, आम्ही अशा रंगलो का विचारू नका! लाट्या वाळून जात, कोणाले भान नाही. पर्वताबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी, ती म्हणे, "तिले बाहेरची हवा लागली. जामसांवलीच्या हनुमानाकडं न्या म्हणा." माही सून रूपाली मोबाईल पाहून म्हणे, "आजी, हवा नाही, हे डिप्रेशन होय. डॉक्टरकडं न्या म्हणा." दोघींचं असं जुंपलं की पर्वताबाईनं लाटणं उगारलं. मी मधात पडली, "देवाकडंही न्या अन् डॉक्टरकडंही न्या, पण त्या मनोहरले आधी घराबाहेर काढा!"

कारण मनोहर रोज एकच बोले, "तुले का झालं आहे? घरी बसूनच तं राहते."

हे ऐकलं की ओसरीतून गुणवंतभाऊ ओरडत, "जोड्यानं हाणला पाहिजे असल्या नवऱ्याले! बायको आहे का बैल? कुसुम, चहा टाक वं!"

कुसुम पुस्तक उपडं ठेवे, चहा टाकून येई, अन् पुन्हा वाचे.

शनिवारी आम्ही जामसांवलीले गेलो. दर्शनाले जातोच आम्ही, पण या खेपेले पर्वताबाईनं एक नारळ जास्तीचा घेतला. म्हटलं, "हा कोणाचा?" म्हणे, "सुलभाचा. बिचारीचं कोण आहे?" अन् आम्ही पाच बायांनी कादंबरीतल्या बाईसाठी, हात जोडून, डोळे मिटून नवस केला! ती बरी झाली तं पुढच्या साली पाच नारळ. रेड्याले दुखणं अन् पखालीले औषध, ते असं. घरी येऊन माह्या नवऱ्याले सांगितलं तं तो हसून हसून खाटेवरून पडता पडता राहिला. पण तिथं एक मात्र मी पाहिलं. आमचं सगळ्यांचं झालं, चपला घालून आम्ही निघालो, अन् कुसुम अजून हात जोडून उभीच. मी म्हटलं, "चाल वं, देव का फक्त तुह्यासाठीच बसला आहे?" अशी मी.

सोमवारी दुपारी वाचन असं आलं: सुलभा सकाळी सकाळी बगीच्यातल्या विहिरीवर गेली. चपला काढून काठाले नीट जोडीनं ठेवल्या. अन् खाली पाहत उभी राहिली.

"थांब!" पर्वताबाई किंचाळली. "मेली तं याद राख, कुसुम! मी पापड उकिरड्यावर फेकीन!"

"आज एवढंच," कुसुम म्हणे. ओसरीतून हाक आली, अन् ती चहा टाकायले उठली.

मले कुठला दम निघते! मी पुस्तक ओढलं, शेवटचं पान उघडलं, अन् बोट ठेवून एकेक अक्षर जोडत वाचलं. सुलभा पोराचा डबा भरत होती, हे तं आम्ही चार दिवसांआधीच ऐकलं होतं, अन् तिथंच पुस्तक संपलं होतं. पुढची पानं नव्हतीच. फाटून गेलेली. विहीर नाही, बगीचा नाही, चपला नाही. नोकरीवाल्या मनोहरले बगीचा कुठून आला, हे आम्हाले पाच जणींले सुचलंच नव्हतं.

मंग चार दिवसांपासून ही कुठलं वाचून राहिली होती?

पुस्तक तिथंच टाकलं अन् उठली. मी स्वयंपाकघरात गेली. चहा उकळून राहिला होता अन् कुसुम मोरीत कढई घासून राहिली होती. घासलेली, लख्ख कढई. बाहेरून गुणवंतभाऊंचा आवाज, "अवं, का झालं आहे तुले? एक चहा टाकाले इतका वेळ? घरी बसूनच तं राहते दिवसभर!"

त्याचे ते शब्द मी वीस वर्षांपासून भिंतीतून ऐकत होती. कधी कानाले टोचले नव्हते.

आता मले गोड बोलता येत नाही. मी कढई तिच्या हातातून हिसकली अन् म्हटलं, "त्या सुलभेले सांग, विहिरीवर जायचं नाही. तिची शेजारीण मांगं उभी आहे. झिंज्या धरून वापस आणीन म्हणा."

कुसुमनं ओले हात पदराले पुसले. मंग म्हणे, "पुस्तकात शेजारीण नाही ना, बाई."

"नाही तं घाल! तुह्या बापाचं का जाते?"

अन् ती हसली. हसता हसता माह्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली की माहा अख्खा पदर भिजला. मीही रडली, खोटं कशाले सांगू. चहा उतू गेला. त्या रात्री आमचा कूलर बिघडला म्हणून सांगून मी गादी घेऊन तिच्या बाजूले जाऊन निजली. कूलर चांगला होता. अन् कोणाजवळ एक शब्द बोलली नाही, रूपालीजवळही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्या. कुसुमनं पुस्तक उघडलं अन् वाचलं: तेवढ्यात सुलभाची शेजारीण धावत आली. शेजारीण जाडी होती, तोंडाची फटकळ होती, तिच्या एका पायात स्वतःची चप्पल अन् एका पायात नवऱ्याची होती. तिनं सुलभाचा हात धरला तो सोडलाच नाही.

चारही बाया हळूच माह्याकडं पाहायले लागल्या. मी पापड लाटत राहिली. चौकोनी झाला.

रूपालीनं लाटणं बाजूले ठेवलं. "काकू, मंग तिले डॉक्टरकडं नेलं का?"

"नवऱ्यानं नेलं तं जाईन म्हणते ती," कुसुम म्हणे. पान उलटवणंही ती विसरली होती.

ओसरीतून गुणवंतभाऊ कडाडले, "अन् तो मनोहर? तो हरामखोर का करून राहिला?"

कुसुमनं मान वर केली. ओसरीकडं पाहून, वाचल्यावाणीच, सावकाश म्हणे, "तो ओसरीत बसून सुपारी कातरून राहिला."

अडकित्त्याचा आवाज बंद झाला.

 गुणवंतभाऊ दारात आले. आमच्याकडं नाही, कुसुमकडंही पाहवलं नाही त्यांच्यानं; पोळपाटाकडं पाहून मले म्हणाले, "वहिनी, नागपूरची सकाळची बस किती वाजता निघते?"

साल झालं त्याले. कुसुमची गोळी चालू आहे. काही दिवस चांगले जातात, काही दिवस पापड फाटतात. पाच नारळ वाहाले आम्ही पुन्हा जामसांवलीले गेलो, अन् या खेपेले नाव कोणाचं घ्यावं हे पर्वताबाईले सांगावं लागलं नाही.

यंदाही कुसुम वाचते. तेच पुस्तक, मांगची पानं नसलेलं. गुणवंतभाऊ आता ओसरीत बसत नाहीत. आमच्यात बसून लाट्या करतात, एक लिंबाएवढी तं एक संत्र्याएवढी, अन् चहाही तेच टाकतात, पाणचट. मनोहरचं नाव आलं की त्यांचा हात थांबते.

"सुधरला का तो?" हळूच विचारतात.

कुसुम चश्म्यावरून पाहते अन् म्हणते, "वाचून राहिली ना. पाहू."